दासाचे भय आणि पुत्राचे भय

देवाचे भय धरावे की देवावर प्रेम करावे? भक्तिमार्गाशी ज्याचा परिचय आहे त्याला हा प्रश्नच काहीसा चमत्कारिक वाटेल. जेथे प्रेम आहे तेथे भयाला थारा कसा मिळावा? परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथांत दोन्ही बाजूंना आधार आहे. जुन्या करारातील नीतिसूत्रे परमेश्वराच्या भयापासून ज्ञानाचा आरंभ मानतात. उलट नव्या करारातील योहानाचे पहिले पत्र सांगते की, प्रेम पूर्णत्वाला पोचले म्हणजे भय तेथे राहत नाही. या दोहोंचा मेळ कसा घालावयाचा, याचा विचार ख्रिस्ती आचार्यांनी शतकानुशतके केला. सोळाव्या शतकात मात्र एका जर्मन संन्याशाने या प्रश्नाची धग स्वतःच्या अंतःकरणात सोसली, आणि त्यातून युरोपचा इतिहास पालटला. तो संन्यासी म्हणजे मार्टिन ल्यूथर.

ल्यूथरच्या आधी सुमारे अकराशे वर्षे, उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टीन (354–430) याने योहानाच्या याच पत्रावर प्रवचने केली. भयाचे दोन प्रकार समजावून सांगताना त्याने दोन स्त्रियांचा दृष्टान्त दिला. दोघीही आपापल्या पतीला भितात. पण व्यभिचारिणीला भय असते ते पती घरी येईल याचे, आणि पतिव्रतेला भय असते ते तो सोडून जाईल याचे. पुढे मध्ययुगीन पंडितांनी याच भेदाला दासाचे भय आणि पुत्राचे भय अशी नावे रूढ केली. दास चाबकाला भितो. पुत्राला पित्याचे मन दुखावण्याचे भय वाटते. तेराव्या शतकात टॉमस अक्वायनस याने तर असे प्रतिपादन केले की, प्रेम वाढत जाते तसतसे हे पुत्राचे भयही वाढत जाते.

हा विवेक विद्यापीठांत शिकविला जात होता. सामान्य माणसाच्या वाट्याला मात्र बहुधा दासाचेच भय आले. 1215 च्या धर्मपरिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे बंधनकारक केले. 1347 नंतरच्या चार-पाच वर्षांत प्लेगच्या साथीने युरोपची सुमारे एक तृतीयांश लोकसंख्या नाहीशी केली. मरण दाराशी उभे होते, मरणापलीकडे शुद्धिस्थानाच्या यातना होत्या, आणि त्याही पलीकडे न्यायाचा दिवस. इंद्रधनुष्यावर बसलेला, मुखाच्या एका बाजूस कमळासारखे लिलीचे फूल आणि दुसऱ्या बाजूस तलवार असलेला न्यायाधीश ख्रिस्त त्या काळच्या कित्येक चित्रांतून दिसतो. त्यातले फूल विसरून केवळ तलवारच पाहणारी माणसे पुष्कळ असावीत.

ल्यूथर अशाच वातावरणात वाढला. त्याचा जन्म 1483 मध्ये आइसलेबेन येथे झाला. तांब्याच्या खाणधंद्यात वर आलेल्या वडिलांची इच्छा होती की मुलाने वकील व्हावे. 1505 मध्ये एर्फुर्ट विद्यापीठाची एम. ए. ची पदवी मिळवून त्याने कायद्याच्या अभ्यासास आरंभही केला. त्याच वर्षी 2 जुलै रोजी स्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळाने गाठले. अगदी जवळ वीज कडाडली, आणि मरणाच्या धास्तीने त्याने संत ॲनाचा धावा करून संन्यास घेण्याचा नवस बोलला. पंधरवड्याच्या आत त्याने एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठाचे दार ठोठावले.

परंतु जे भय टाळण्यासाठी तो मठात आला, ते तेथे अधिकच वाढले. 1507 मध्ये त्याने आपला पहिला मिस्सा साजरा केला. वेदीपुढे उभे राहून चिरंतन, जिवंत परमेश्वराला संबोधण्याचा क्षण आला, तेव्हा आपण धुळीसमान मनुष्य त्याच्यापुढे तोंड कसे उघडावे, या विचाराने तो गर्भगळित झाला. उपवास, जागरणे, थंडीतील तपश्चर्या यांत त्याने कसूर केली नाही. पापनिवेदनाला तो तासन्‌तास बसे. तरीही एखादे पाप सांगावयाचे राहिले असेल, ही शंका त्याला सोडीत नसे. त्याचे वडीलधारे गुरू योहान फॉन स्टाउपित्झ त्याला पुनःपुन्हा सांगत की, आपल्या पापांकडे पाहत राहण्यापेक्षा क्रुसावरील ख्रिस्ताकडे पाहा.

या भयाचे फळ काय होते, हे ल्यूथरने 1545 मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. पापी मनुष्याला शिक्षा करणाऱ्या न्यायी देवावर आपले प्रेम तर नव्हतेच, उलट आपण त्याचा द्वेष करीत होतो, असे तो म्हणतो. केवळ दंडाच्या भयावर उभारलेली उपासना शेवटी आराध्याच्या द्वेषाला जन्म देते, हा त्याचा अनुभव होता.

त्यातून सुटका झाली ती अध्ययनाने. विटेनबर्ग विद्यापीठात स्तोत्रसंहिता आणि रोमकरांस लिहिलेले पौलाचे पत्र शिकविताना एका शब्दापाशी तो अडला होता: देवाचे नीतिमत्त्व. हे नीतिमत्त्व म्हणजे दंड करणारा न्याय नसून, विश्वास ठेवणाऱ्याला देवाने कृपेने दिलेले दान आहे, असा अर्थ त्याला उमगला.

31 ऑक्टोबर 1517 रोजी त्याने माइन्झच्या आर्चबिशपकडे 95 प्रमेये पाठविली, ती पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध. रोममधील सेंट पीटरच्या मंदिराच्या उभारणीसाठी योहान टेट्झेल ती पत्रे विकीत फिरत होता. येथे ल्यूथरचा आक्षेप नीट पाहण्याजोगा आहे. गरिबांच्या भयावर पैसा मिळविला जातो, एवढाच तो नव्हता. हातात कागद पडताच मनुष्य निर्धास्त होतो आणि खरा अनुताप विसरतो, हे त्याला अधिक घातक वाटले. म्हणजे आधी दासाचे भय जागवावयाचे, आणि मग दाम घेऊन पुत्राचेही भय नाहीसे करावयाचे, असा तो व्यवहार होता.

निर्धास्तपणाचा धोका त्याला पुढे स्वपक्षातही दिसला. 1528 मध्ये सॅक्सनीतील खेड्यापाड्यांच्या धर्मसभांची पाहणी करताना लोकांचे अज्ञान पाहून तो खिन्न झाला. नव्या स्वातंत्र्याचा अर्थ अनेकांनी मोकाटपणा असा घेतला होता. म्हणून 1529 मध्ये त्याने घरोघरच्या मुलांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली. तीत दहा आज्ञांपैकी प्रत्येकीचे विवरण देवाचे भय आणि देवावरील प्रेम या जोडीपासून सुरू होते. पहिल्या आज्ञेच्या विवरणात त्यांच्या सोबतीला विश्वासही येतो. ज्याने भयापायी तारुण्य जाळले, त्यानेच मुलांच्या पाठात भय हा शब्द राखला. पण त्याला एकटे राहू दिले नाही.

याचा अर्थ ल्यूथरच्या मनातील काहूर कायमचे शमले असा नव्हे. 1527 मध्ये आजारपण आणि विषण्णता यांनी त्याला पुन्हा ग्रासले होते. पण आता त्या अंधारात कोणाला हाक मारावयाची, हे त्याला ठाऊक होते.

पुढे 1917 मध्ये जर्मन धर्मचिंतक रुडॉल्फ ओटो याने पवित्रतेच्या अनुभवाचे विवेचन करताना ल्यूथरच्या याच थरकापाकडे लक्ष वेधले, आणि त्याच ग्रंथात भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही दाखला दिला. विश्वरूप पाहून अर्जुन कापू लागतो. परंतु तो पळून जात नाही. पित्याने पुत्राचे अपराध पोटात घालावे तसे आपले घाल, अशी विनवणी तो करतो. दंडाचे भय मनुष्याला देवापासून दूर पळवते आणि आदराचे भय त्याला नतमस्तक करून तेथेच उभे ठेवते. स्टॉटर्नहाइमच्या वादळातून निघालेल्या त्या तरुणाला या दोहोंतील अंतर तोडण्यास कित्येक वर्षे लागली. 1529 च्या त्या लहानशा पुस्तकात ते अंतर मुलांना समजेल अशा भाषेत सामावले आहे.