उन्हाळी पडशाची कुळकथा

१८१९ सालच्या मार्च महिन्याच्या १६ तारखेस लंडन येथील वैद्यक मंडळापुढें डॉ. जॉन बॉस्टॉक यांनीं एका रोग्याची हकीकत वाचून दाखविली. रोग्याचें वय ४६. आठव्या वर्षापासून दर जूनमध्यें त्याचे डोळे लाल होऊन चुरचुरत, नाक वाहूं लागे, शिंकांमागून शिंका येत आणि छाती कोंडून जाई. जुलै सरतां सरतां सारें आपोआप थांबे. हा रोगी म्हणजे खुद्द बॉस्टॉकच होते.

पुढें नऊ वर्षें शोध करून त्यांना असे अवघे २८ रोगी सांपडले. लोक या विकाराला गवताचा ताप म्हणत. बॉस्टॉकना तें पटेना. त्यांनीं उन्हाळ्याच्या उष्म्यालाच दोषी धरलें. विद्वानांपेक्षां लोकांचा कयास सत्याच्या अधिक जवळ होता, हें मात्र खरें.

तें सत्य हुडकून काढलें मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅक्ली यांनीं. तेहि याच व्याधीचे धनी. १८५९ पासून त्यांनीं उष्णता, प्रकाश, ओझोन वायु, धूळ अशी एकेक संशयित गोष्ट स्वतःच्या देहावर आजमावली. गवताचे पराग नाकांत घालतांच शिंका. त्वचेवर ओरखडा काढून त्यावर चोळतांच गांधी! चिकट द्रव लावलेल्या कांचा उघड्यावर ठेवून ते त्यांवरील पराग रोज सूक्ष्मदर्शकाखालीं मोजीत. हजार फुटांहून उंच पतंग चढवून तेथील हवेंतलेहि पराग त्यांनीं धरून आणले. १८७३ च्या त्यांच्या ग्रंथांत परागांची संख्या आणि रोगाचा जोर यांचा मेळ दाखविलेला आहे. पण एक कोडें तसेंच राहिलें. ज्यांच्या अंगावर परागांचा वर्षाव होतो, त्या शेतकऱ्यांना हा विकार क्वचितच जडे, हें ब्लॅक्लींच्याहि नजरेस आलें होतें.

कोड्याचा एक धागा याच सुमारास जर्मनींत दुसऱ्याच कामांत गुंतलेल्या तरुणाच्या हातीं आला होता. पॉल एर्लिक यांना रंगांचें वेड होतें. १८७८ मध्यें लाइपझिग विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं रंग देतांच जांभळट कणांनीं गच्च भरलेली दिसणारी एक पेशी वर्णिली. ही खाऊनपिऊन पुष्ट झालेली असावी, असें समजून तिला ‘मास्ट’ पेशी हें नांव दिलें. पुढच्याच वर्षीं इओसिन या तांबड्या रंगाचें आकर्षण असलेली रक्तांतली दुसरी पेशी त्यांनीं ओळखली, ती इओसिनोफिल. दोघींना नांवें मिळालीं, पण मास्ट पेशीचें खरें काम सत्तर वर्षांहून अधिक काळ कोणास उमगलें नाहीं.

१९२१ मध्यें प्राउसनिट्झ आणि क्युस्टनर या दोन डॉक्टरांनीं धाडसी प्रयोग केला. क्युस्टनरना शिजविलेली मासळी सोसत नसे. त्यांच्या रक्ताची लस प्राउसनिट्झनीं आपल्या त्वचेंत टोंचून घेतली. दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोंचतांच गांधी उठली. म्हणजे विकाराचें बीज रक्तांत होतें. त्या बीजाचा उलगडा १९६६-६७ मध्यें इशिझाका पतिपत्नींनीं अमेरिकेंत, आणि स्वतंत्रपणें योहानसन व बेनिक यांनीं स्वीडनमध्यें केला. तें प्रतिद्रव्य आज आय-जी-ई या नांवानें प्रसिद्ध आहे.

दरम्यान १९५३ मध्यें रायली आणि वेस्ट यांनीं मास्ट पेशी ही हिस्टामीनचें कोठार असल्याचें सिद्ध केलें होतें. आतां सांखळी जुळली. आय-जी-ई या पेशीवर ठाण मांडून बसतें; ओळखीचा पराग येतांच कोठार फुटतें आणि कांहीं मिनिटांत शिंका, खाज, पाणी. मग कांहीं तासांनीं इओसिनोफिल आणि इतर पेशी नाकाच्या अस्तरांत शिरतात आणि नाक चोंदतें.

ब्लॅक्लींच्या हिशेबांतली उणीव येथेंच होती. १९६८ मध्यें कॉनेल यांनीं अमेरिकेंत रोग्यांच्या नाकांत रोज मोजून पराग घातले, तेव्हां दिवसेंदिवस कमी कमी पराग पुरेसे होऊं लागले. आधींच्या झटक्यांनीं अस्तरांत पेशींची गर्दी होऊन तें हळवें बनलेलें असतें. म्हणून हंगाम सरत आल्यावर हवेंत पराग थोडे असूनहि रोगी बेजार होतो. हिस्टामीनला अडविणाऱ्या गोळ्यांनीं शिंका आवरत, पण चोंदलेलें नाक फारसें मोकळें होत नसे. १९७० नंतरच्या दशकांत स्टेरॉइडचे नाकांत मारावयाचे फवारे आले. ते या गर्दीलाच पांगवितात, आणि म्हणूनच हंगाम उजाडण्यापूर्वींच ते सुरू करावेत, असें डॉक्टर सांगतात.