आतला व्रण आणि माहेरचा कागद

सिल्वाशालगतच्या सामरवरणीसारख्या गावी पोटापाण्यासाठी स्थिरावलेल्या आपल्या घरांतून पहिले बाळंतपण अद्यापि बहुधा माहेरी होते. ते शस्त्रक्रियेने झाले, तर सून मूल घेऊन परतते. शस्त्रक्रियेचा कागद मात्र माहेरच्या कपाटातच राहतो. त्या कागदाचे मोल कळण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

गर्भिणी मृत झाली आणि तिच्या कुशीत स्पंदन दिसले, तर तत्काळ उदर भेदून गर्भ काढावा, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. तेथे वाचवावयाचे ते मूल. माता आधीच गेलेली. १८७६ साली इटलीत पोर्रो यांनी मातेला वाचविण्यासाठी मुलामागोमाग गर्भाशयही काढले. माता जगली, पण पुढील अपत्याची आशा संपली. १८८२ साली जर्मनीत सेंगर यांनी गर्भाशय काळजीपूर्वक शिवण्याची रीत मांडली, आणि दुसऱ्या गर्भाचा मार्ग मोकळा झाला.

तो गर्भ जन्मावा कसा? एकदा शस्त्रक्रिया झाली की पुढेही तीच, असे न्यूयॉर्कच्या क्रेगिन यांनी १९१६ साली लिहिले. त्या काळी छेद गर्भाशयाच्या वरच्या भागावर उभा घेत. पुढे मन्रो कर यांनी खालच्या भागावरील आडवा छेद रूढ केला. हा व्रण अधिक टिकाऊ. तो असता नैसर्गिक प्रसूतीचा यत्न करणाऱ्या १०० स्त्रियांपैकी ६० ते ८० जणींना ती साधते. व्रण उसवण्याचा धोका सुमारे २०० त एकीस असतो. उभ्या छेदात तो कितीतरी अधिक. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर राहिले तरी तो वाढतो. म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियेची व रक्ताची सोय असेल तेथेच हा यत्न करावा.

परंतु आतला छेद उभा की आडवा, हे पोटावरील व्रण पाहून कळत नाही. ते कागदच सांगतो.

आम्ही कायद्याच्या व्यवसायातले, म्हणून एवढे सुचवितो. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास नोंदी ७२ तासांत दिल्या पाहिजेत; त्या जपून ठेवण्याचे बंधन मात्र ३ वर्षांचेच आहे. दुसरे बाळंतपण पुष्कळदा त्यानंतरच येते. तेव्हा ओटी भरून लेकीला सासरी पाठविताना नारळाबरोबर तो कागदही तिच्या स्वाधीन करावा.