लिंगभाव-संवेदी शिक्षण आणि सेवा : संकल्पना व भारतातील अनुभव

मुलगे आणि मुली यांच्या वाटेत येणारे अडथळे निरनिराळे असतात, हे लक्षात घेऊन आखलेल्या शिक्षणाला व सेवांना 'लिंगभाव-संवेदी' म्हटले जाते. माध्यमिक शाळा दोघांसाठीही खुली असते. पण ती गावापासून दूर असेल, तर बहुधा मुलीचेच शिक्षण आधी थांबते. पाण्याची सोय असलेले स्वतंत्र स्वच्छतागृह नसेल, तर पाळीच्या दिवसांत घरी राहण्याची वेळ तिच्यावरच येते. सर्वांना सारखीच सुविधा देऊन हे अंतर मिटत नाही.

या विचाराचे सर्वपरिचित उदाहरण बिहारचे आहे. नववीत प्रवेश घेणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्याची योजना तेथे २००६ मध्ये सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा अभ्यास केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेतील मुलींची पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलग्यांशी असलेली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा अधिक दूर असलेल्या गावांत हा परिणाम ठळक होता. जेथे सायकलही पुरत नाही, अशा शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांसाठी २००४ पासून कस्तुरबा गांधी बालिका विद्यालये ही निवासी शाळांची योजना आहे.

अंतर कापता येते. घरातील समजुती बदलणे अधिक अवघड. हरियाणातील सोनीपत, पानिपत, रोहतक व झज्जर या जिल्ह्यांतील ३१४ शासकीय शाळांपैकी निम्म्या शाळांत 'ब्रेकथ्रू' या संस्थेने सातवीपासूनच्या मुलामुलींसाठी सुमारे अडीच वर्षे वर्गचर्चा घेतल्या. घरकाम कोणी करावे, बहिणीने किती शिकावे, असे त्यांचे विषय होते. दिवा धर, तरुण जैन व सीमा जयचंद्रन यांचा त्यावरील अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार विषमतेला दुजोरा देणाऱ्या मतांपैकी सुमारे १६ टक्के मते बदलली आणि कार्यक्रम संपल्यानंतर दोन वर्षांनीही हा बदल बऱ्याच अंशी टिकून होता. प्रत्यक्ष वागणुकीत मात्र मुलग्यांमध्ये अधिक फरक दिसला. मुलीचे मत बदलले तरी निर्णय घरच्यांच्या हाती राहतो, हे त्याचे एक संभाव्य कारण. मुलग्यांना वगळून केवळ मुलींचे 'सक्षमीकरण' करू पाहणाऱ्या योजनांनी हा निष्कर्ष मनावर घ्यायला हवा.

अशा शिक्षणाला विरोधही झाला आहे. २००७ मध्ये पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रमातील लैंगिकतेविषयीच्या मजकुरावर आक्षेप घेत महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला होता.

आरोग्यसेवांच्या बाबतीत ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम महत्त्वाचा आहे. तो १० ते १९ वयोगटातील मुलगे व मुली अशा दोघांसाठी आहे. पोषण, प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, हिंसा, व्यसने आणि असंसर्गजन्य आजार हे त्याचे विषय. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला; याच वयाच्या मुलग्यांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के होते. कार्यक्रमांतर्गत गावपातळीवर समवयस्क शिक्षक नेमले जातात. आरोग्य केंद्रांत किशोरस्नेही क्लिनिक चालवली जातात. महाराष्ट्रात ती 'मैत्री' या नावाने ओळखली जातात.

या क्लिनिकचा पाया गोपनीयता हा आहे आणि खरी अडचण तेथेच आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या संमतीला कायदेशीर अर्थ नाही. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कोणालाही ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा शिक्षापात्र अपराध ठरतो. त्यामुळे सतरा वर्षांच्या मुलीने परस्परसंमतीच्या संबंधांविषयी समुपदेशकाला विश्वासाने सांगितले, तरी तो कायद्याच्या कचाट्यात सापडतो. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी यातून काहीशी वाट काढली. अल्पवयीन मुलगी व तिचे पालक यांनी विनंती केल्यास, गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरने पोलिसांना माहिती देताना तिचे नाव व ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हा दिलासा गर्भपाताच्या सेवेपुरता आहे. केवळ सल्ला घेण्यासाठी येणाऱ्या मुलामुलींना तो लागू होत नाही.