स्टेपनी, डबा आणि संग्रामदुर्ग

पिंपरी-चिंचवडच्या माझ्या पिढीला भटकायला स्कूटरने शिकवलं. एसटी होती, पुणे-लोणावळा लोकलही १९७८ साली सुरू झाली होती. पण त्यांचे थांबे ठरलेले. स्कूटर करवंदीच्या जाळीपाशी थांबायची, उसाच्या गुऱ्हाळापाशी थांबायची आणि आईने खांद्याला हात लावला की कुठेही थांबायची.

बजाज मंडळी १९४८पासून इटलीची व्हेस्पा आयात करत होती. पुढे पियाजिओ कंपनीशी करार झाला आणि आकुर्डीत स्कूटरचा कारखाना उभा राहिला. १९७१ साली तो करार संपला, १९७२ साली ‘चेतक’ आली. त्याच १९७२मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. कामगारांच्या घरांची आखणी आणि त्यांना घराबाहेर काढणारी गाडी एकाच वर्षी यावी, हा योगायोग मला फार आवडतो. गावाला नगरपालिका मिळून तेव्हा दोनच वर्षं झाली होती.

गाडी मिळणं मात्र सोपं नव्हतं. किती स्कूटर काढायच्या ते सरकारी परवान्यावर ठरायचं, त्यामुळे नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट पाहायची. काही घरांत मूल पाळण्यात असताना नंबर लागला आणि ते तिसरी-चौथीत गेल्यावर गाडी दारात आली. अशी गाडी आल्यावर नुसती कंपनीत न्यायला कोण ठेवणार? पहिला हार देहूला किंवा आळंदीला. मग घोरवडेश्वर, कार्ल्याची एकवीरा, पावसाळ्यात भुशी डॅम. बाबांच्या गुडघ्यांच्या मध्ये, हँडल धरून धाकटा उभा. मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर डबा, एक हात स्टेपनीवर. आणि बाबा आणि आईच्या मध्ये चेपलेली मी. गाडी तिरकी करायची, मग किक. डिकीत पाना, जास्तीचा प्लग, पॉलिश पेपरचा तुकडा आणि जुनं फडकं. हा सरंजाम आमच्या चाळीतल्या प्रत्येक गाडीत असायचा.

एका श्रावणात आम्ही भीमाशंकरला निघालो. भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल मागे पडला आणि चाकणच्या अलीकडे मागचं चाक बसलं. टायरमध्ये चांगला बोटभर खिळा. व्हेस्पाचे जनक कोराडिनो दास्कानियो मूळचे विमानांचे अभियंते. विमानासारखंच त्यांनी पुढचं चाक एका बाजूने धरलं आणि चाकं नट सोडताच हातात येतील अशी बसवली. पुढचं, मागचं आणि स्टेपनी, तिन्ही एकाच मापाची. काम दहा मिनिटांचं. पण स्टेपनीतही हवा नव्हती.

समोरून सायकलवर एक गृहस्थ आले. उतरले, अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, कुठल्या कंपनीत?”

बाबांनी भोसरीतलं वर्कशॉप सांगितलं.

“मी पिंपरीला फिटर. चला घरी, पंप आहे. वहिनी, तुम्ही पोरांना घेऊन या सावकाश.”

त्यांच्या अंगणात कांद्याची चाळ होती. चाकणची ओळख तेव्हा कारखान्यांची नव्हे, कांद्याच्या बाजाराची. त्यांच्या घरच्या माउलीने भाकरी थापल्या, बुक्कीने कांदे फोडले, आईने आमचा डबा तिच्यापुढे उघडला. तिकडे दोन कामगार उकिडवे बसून ट्यूबवर ठिगळ लावत होते आणि फाइलने रबर किती घासायचं यावर रंगून बोलत होते. मला या पट्ट्याचा खरा इतिहास तिथे दिसतो. इथे रस्त्यात गाडी थांबली तर शेजारी उभा राहणारा माणूस फिटर, टर्नर नाहीतर वेल्डर असायचा आणि बंद पडलेलं यंत्र तसंच सोडून पुढे जाणं त्याच्या हाताला जमायचंच नाही.

तेवढ्यात पाऊस कोसळला. भीमाशंकर राहिलं. पाऊस ओसरल्यावर त्यांचा मुलगा आम्हाला किल्ला दाखवायला घेऊन गेला. संग्रामदुर्ग, जमिनीवरचा भुईकोट. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे तो जवळपास दोन महिने लढवला. सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच गड पडला. त्या मुलाने झुडपातून हात करून खंदक दाखवला आणि धाकटा लगेच तटावर चढला. पुढे भीमाशंकर झालं, पण त्यातलं मला फारसं काही आठवत नाही. चाकण मात्र लख्ख आठवतं.

मोटारसायकली आल्या, स्कूटरचा जोर ओसरला. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९मध्ये सुरू झाला आणि २००७मध्ये आकुर्डीत गाड्या बनणं थांबलं. ‘चेतक’ हे नाव २०२०मध्ये विजेच्या गाडीवर परत आलं. तिला प्लग नाही, किकही नाही. चांगली गाडी आहे. ती घेऊन लोकांनी कांदाबाजारापर्यंत तरी जावं, असं मला मनापासून वाटतं.

माझा भाचा चाकणच्या एमआयडीसीत आहे. पहिली पाळी सुटल्यावर मित्रांबरोबर तो कुठेतरी निघतोच. परवा त्याने फोन केला, “मावशी, भामचंद्रला कुठून चढायचं?” तुकोबांनी साधना केली तो डोंगर त्याच्या कंपनीपासून हाकेच्या अंतरावर. मी सांगितलं, शिंदे-वासुलीला गाडी लाव आणि वाट गावातल्या कुणालाही विचार, मोबाइलला नको.