उड्डाणपुलाखालची शाळा

ठाण्यातील खोपटच्या एसटी स्थानकातून कॅडबरी जंक्शनच्या दिशेने निघाले की थोड्याच वेळात पूर्व द्रुतगती महामार्ग लागतो. तेथून मुंबईकडे वळल्यावर आधी नितीन कंपनीचा आणि त्यानंतर तीन हात नाक्याचा उड्डाणपूल येतो. सिग्नलचा दिवा लाल झाला की गजरे, फुले, खेळणी घेतलेली मुले गाड्यांच्या काचांपाशी येतात आणि हिरवा होताच दुभाजकावर परततात. ठाणेकरांना हे दृश्य नवे नाही. या मुलांचे आईवडील बहुतांशी मराठवाड्यातील दुष्काळी पट्ट्यातून आलेले असून त्यांत पारधी कुटुंबांची संख्या मोठी आहे. गावाकडे जमीन नाही, शहरात घर नाही, म्हणून पुलाची सावली हेच त्यांचे छप्पर झाले.

या मुलांनी शाळेत यावे यासाठी काय करता येईल, हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला गेला. ‘समर्थ भारत व्यासपीठ’ या ठाण्यातील संस्थेने तो उलट्या बाजूने सोडवला. ठाणे महापालिकेच्या सहकार्याने १५ जून २०१६ रोजी तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखालीच मराठी माध्यमाची शाळा सुरू करण्यात आली. मालवाहू कंटेनरचे रूपांतर वर्गखोल्यांत झाले आणि ‘सिग्नल शाळा’ हे नाव रूढ झाले. दुष्काळी गावातून आलेल्या कुटुंबाला शहरातील शाळेचा पत्ता ठाऊक नसतो, ठाऊक असला तरी रोजची कमाई सोडून मुलाला तेथे पाठविणे परवडत नाही. शाळाच पुलाखाली आल्यावर ही अडचण निम्मी झाली. उरलेली निम्मी मात्र अधिक कठीण होती.

आंघोळीपासून सुरुवात

रस्त्यावर वाढलेल्या मुलाला शिकविणे म्हणजे केवळ बाराखडी गिरवून घेणे नव्हे. शाळेत आल्यावर आंघोळ, गणवेश, न्याहारी आणि मग अभ्यास असा दिवसाचा क्रम येथे ठेवावा लागला. गणवेश आणि दप्तर शाळेतच राहते, कारण पुलाखालच्या बिऱ्हाडात ते कोरडे आणि सुरक्षित राहील याची खात्री नसते. घरी अभ्यास करण्यासाठी दिवा नाही, जागा नाही, म्हणून गृहपाठही शाळेतच. दुपारचे जेवण हा तर या व्यवस्थेचा कणाच म्हणावा लागेल. सिग्नलवर उभे राहून मूल दिवसाला जे चार पैसे आणते, त्यावर घरातील एखादी वेळ भागत असते. मुलाचे पोट शाळेत भरले तरच पालक त्याला सोडण्यास तयार होतात, असा अशा शाळा चालविणाऱ्या बहुतेक कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

२०१८मध्ये या शाळेतील पहिले दोन विद्यार्थी दहावीची परीक्षा उत्तीर्ण झाले. आकडा दोनच, पण त्यामागे दहा वर्षांची सलग शाळा नव्हती, हे लक्षात घेतले की त्याचे वजन कळते. संगणक आणि प्रयोगशाळा यांचीही पुढे जोड मिळाली. पुढे २०२४मध्ये मुंबई महापालिकेनेही चेंबूरच्या अमर महल परिसरात अशीच शाळा उभारण्याचे काम याच संस्थेच्या सहभागाने हाती घेतले.

कोसबाडच्या टेकडीपासून

शाळेने मुलापाशी जाण्याची कल्पना ठाणे जिल्ह्याला नवी नाही. किंबहुना ती याच जिल्ह्याची देणगी आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढच्या दशकात हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ही दोन्ही गावे आज पालघर जिल्ह्यात आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी झालेल्या विभाजनापूर्वी ती ठाणे जिल्ह्यातच होती. कोसबाडच्या वारली मुलांना शाळेत बोलावले तर ती येत नसत, कारण त्यांच्यामागे गुरे राखण्याचे काम होते. तेव्हा शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत असताना मुलांना शिकविणारी ही ‘कुरणशाळा’ शिक्षणाच्या इतिहासात नोंदली गेली. पाड्यावरच्या अंगणात भरणारी ‘अंगणवाडी’ हीसुद्धा याच प्रयोगाची निपज. हा शब्द पुढे देशभर गेला. ताराबाईंना १९६२मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री मिळाली, पण कोसबाडचा खरा मान म्हणजे त्या कल्पनेचे पुढचे अवतार.

असा एक अवतार १९९०च्या दशकात वसई तालुक्यात दिसला. वीटभट्ट्यांवर काम करणारी आदिवासी कुटुंबे पावसाळा संपला की गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस परततात. म्हणजे शाळेचे वर्ष ज्या काळात चालते, नेमक्या त्याच काळात मूल गावात नसते. ‘विधायक संसद’ या संस्थेने भट्टीजवळच झोपडीत वर्ग भरविले. भट्टीवरच्या अशा तात्पुरत्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती ‘भोंगाशाळा’ झाली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात निघालेल्या ‘साखरशाळा’ आणि मुंबईत १९८८मध्ये रजनी परांजपे यांनी सुरू केलेली ‘डोअरस्टेप स्कूल’ हीही याच वाटेवरची नावे. कुरण, भट्टी, ऊसाचा फड आणि सिग्नल यांत एक गोष्ट समान आहे. या चारही ठिकाणी मूल आळशी किंवा अनिच्छुक नव्हते, ते कामावर होते.

गजरा विकणे, कायद्याच्या नजरेत

सिग्नलवरच्या मुलाकडे पाहण्याच्या कायद्याच्या नजरा एकाहून अधिक आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा भीक मागण्याची जी व्याख्या करतो, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांच्याबरोबर वस्तू विकण्याचा बहाणा करून पैसे मागणेही येते. म्हणजे गजरा विकणारी मुलगी विक्रेती की भिकारी, हे बऱ्याच अंशी पाहणाऱ्या पोलिसावर अवलंबून राहते. या कायद्यान्वये प्रौढ व्यक्तीला पहिल्याच खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरीगृहात ठेवता येते. दिल्लीत लागू असलेल्या याच कायद्यातील महत्त्वाची कलमे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८मध्ये घटनाबाह्य ठरविली. जुलै २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरून भिक्षेकऱ्यांना हटविण्याचा आदेश देण्यास नकार दिला व हा प्रश्न सामाजिक-आर्थिक असल्याचे म्हटले. महाराष्ट्रात मात्र मूळ कायदा कायम आहे.

पारधी समाजाच्या बाबतीत या संशयाला जुना इतिहासही आहे. इंग्रज सरकारने १८७१मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पूर्ण जमातींनाच जन्मजात गुन्हेगार ठरविले. हा कायदा १९५२मध्ये रद्द झाला. शिक्का पुसला गेला असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसरी नजर बालमजुरीविरोधी कायद्याची. १९८६च्या या कायद्यात २०१६मध्ये दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना सर्व प्रकारच्या कामांवर ठेवण्यास बंदी आली. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या, धोकादायक नसलेल्या व्यवसायात मदत करण्याची मुभा राहिली. ज्या मुलाच्या आयुष्यात शाळाच नाही, त्याची ‘शाळेनंतरची वेळ’ कोणती, याचे उत्तर या दुरुस्तीत सापडत नाही.

तिसरी आणि सर्वांत उपयोगी नजर शिक्षणहक्क कायद्याची. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक स्वयंसेवकाने पाठ कराव्यात अशा आहेत. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शाळा कधीच न पाहिलेल्या किंवा मधेच सोडलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप वर्गात घ्यावे लागते आणि इतरांच्या बरोबरीने यावे म्हणून त्याला विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असतो. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर, शहरात महापालिकेवर, टाकलेली आहे.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. पुलाखाली शाळा चालविणारी संस्था महापालिकेचे कायदेशीर कर्तव्य पार पाडण्यास हातभार लावत असते, तिची जागा घेत नसते. प्रयोगाचे कौतुक करताना हा फरक सहज विसरला जातो. विशेष प्रशिक्षणाचा हेतूही मूल शेवटी परिसरातील नियमित शाळेत, इतर मुलांच्या शेजारी बसावे हाच आहे. पुलाखालची शाळा कितीही चांगली झाली तरी ती पुलाखालच्याच मुलांची राहिली, तर वेगळेपणाची एक नवी भिंत उभी राहण्याचा धोका उरतो. उलट बाजूने पाहिले, तर न्याहारी-आंघोळीची सोय नसलेल्या साध्या शाळेत ही मुले पाठविली की ती आठवडाभरात गळतात, हेही खरे. या दोहोंतून मार्ग काढताना घाई उपयोगाची नाही आणि ढिलाईही नाही.

कागदांची लढाई

आठवीपर्यंतचा प्रवास कायद्याच्या आधाराने होतो. त्यानंतर तो आधार संपतो आणि त्याच सुमारास कागद मागितले जाऊ लागतात. मुलाचा जन्म गावी झाला की रस्त्यावर, त्याची नोंद झाली की नाही, हे अनेकदा पालकांनाही सांगता येत नाही. जन्माची नोंद वर्षभरात झाली नसेल तर ती वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, २०२३च्या दुरुस्तीनंतर १ ऑक्टोबर २०२३ पासून जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला कार्यकारी दंडाधिकारी तो देतो. त्याच तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून अनेक कामांचा मुख्य पुरावा ठरला आहे. त्यामुळे आज नोंद राहून गेली तर पुढची अडचण पूर्वीपेक्षा मोठी असेल.

जातीच्या दाखल्याचे त्याहून कठीण. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. परंतु दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना एका गावात टिकूच दिले गेले नाही, त्यांनी तो कोठून आणायचा? शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि महाविद्यालयातील प्रवेश या एका कागदावर अडतात. येथे गरज असते ती चिकाटीच्या माणसाची. गावच्या तलाठ्यापासून प्रांत कार्यालयापर्यंत चार-सहा खेपा घालणारा स्वयंसेवक हा शिकविणाऱ्या स्वयंसेवकाइतकाच मोलाचा असतो, फक्त त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही.

मदत करणाऱ्यांसाठी

दर शनिवार-रविवारी वस्तीवर येऊन वाढदिवसाचा केक कापणारे हितचिंतक शहरात कमी नाहीत. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि मुलांच्या दृष्टीने रविवारच्या केकपेक्षा मंगळवारी ठरलेल्या वेळी येणारी ताई अधिक उपयोगाची असते. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव नोंदविलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास समाजकार्य करावे लागते. २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झालेल्या या योजनेची ठाण्यातील महाविद्यालयांतही पथके आहेत. हे तास एका मुलामागे, एका विषयात, सलग खर्ची पडले तर वाचनात पडणारा फरक दिसून येतो. परीक्षा आल्या की स्वयंसेवक गायब होतात आणि मुलांना पुन्हा नव्या चेहऱ्याशी ओळख करून घ्यावी लागते, ही मात्र अशा सर्वच उपक्रमांची जुनी डोकेदुखी आहे.

ठाण्यातील ‘समता विचार प्रसारक संस्था’ १९९०च्या दशकापासून एकलव्य पुरस्काराचा उपक्रम चालवत आली आहे. झोपडपट्टीत राहून, शिकवणी न लावता, घरकाम किंवा मजुरी सांभाळून दहावी उत्तीर्ण होणाऱ्यांचा त्यात गौरव होतो. टक्केवारी हा निकष नाही. ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी याच संस्थेच्या साथीने वस्त्यांतील मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. १७ मे २०२० रोजी त्यांचे निधन झाले. या मुलांनी स्वतःच्या जगण्यावर स्वतः नाटिका रचाव्यात, हा त्यामागचा आग्रह होता.

सिग्नलवर पैसे द्यावेत की नाही, हा प्रश्न वाहनचालकांना नेहमी पडतो. शाळेच्या वेळेत मुलाच्या हाती पडलेले नाणे त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तेथे उभे करते, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. गजरा घ्यायचाच असेल तर तो आईच्या हातून घ्यावा. एकटे, आजारी किंवा मारहाण झालेले मूल दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळविता येते. १९९६मध्ये मुंबईत सुरू झालेली ही चाइल्डलाइन सेवा २०२३मध्ये शासनाच्या यंत्रणेत घेण्यात आली असून ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली आहे. क्रमांक पूर्वीचाच आहे. शाळाबाह्य मूल आढळल्यास नजीकच्या महापालिका शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा पालिकेच्या शिक्षण विभागाला लेखी कळवावे आणि अर्जाची पोच घ्यावी. प्रवेशासाठी वर्षाच्या सुरुवातीची वाट पाहावी लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे मुदत संपल्यानंतरही मुलाला प्रवेश द्यावाच लागतो.