दार-उल-तर्जुमा ते खुली पुस्तके

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. पण इथल्या उच्च शिक्षणाची गोष्ट निजामाच्या हैदराबाद संस्थानात सुरू होते. 1917 मध्ये हैदराबादेत दार-उल-तर्जुमा हा भाषांतर विभाग निघाला आणि 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: आधी पुस्तकांची तजवीज, मग वर्ग. मौलवी अब्दुल हक यांनी पायाभरणी केलेल्या या विभागाने गणितापासून वैद्यकापर्यंतचे शेकडो ग्रंथ उर्दूत आणले. एकेका पारिभाषिक शब्दासाठी विषयाचे आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून खल करीत. जालन्याच्या मराठी घरातल्या मुलाला ही भाषाही परकीच होती, आणि तो अन्याय झाकता येत नाही. तरीही भारतीय भाषेत पदवीपर्यंत शिकवता येते, हे या खटाटोपाने सिद्ध केले.

1948 नंतर संस्थान गेले, माध्यम बदलले आणि ते ग्रंथ कपाटांत राहिले. दोष सत्तांतराचा, असे म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1968 च्या शिक्षण धोरणानंतर केंद्राच्या मदतीने राज्याराज्यांत विद्यापीठीय ग्रंथांची निर्मिती सुरू झाली. आपल्याकडे नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने मराठी ग्रंथ काढले. इथे राज्य आपले, भाषा आपली. सत्तांतर नाही की भाषाबदल नाही. तरी त्यांतले कितीतरी ग्रंथ आज जुन्या ग्रंथालयांतच सापडतात. अभ्यासक्रम पुढे गेले, पुस्तके तिथेच थांबली. माझ्या मते खरे कारण हेच: निर्मितीला योजना होती, अनुदान होते, दुरुस्तीला धनी नव्हता, आणि शिकवणाऱ्या प्राध्यापकाला त्या पुस्तकात हात घालण्याची मुभाही नव्हती. मराठी विश्वकोशाचा अनुभव म्हणूनच मोलाचा वाटतो. पहिला खंड 1976 चा, विसावा 2015 चा. शेवटचा येईपर्यंत पहिल्यातल्या नोंदी जुन्या झालेल्या. तेव्हा विषयवार ज्ञानमंडळे नेमून अद्ययावतीकरणाचे काम वाटून दिले गेले.

खुल्या शैक्षणिक संसाधनांची कल्पना 2002 मध्ये युनेस्कोच्या पॅरिस बैठकीत मांडली गेली, आणि तिचा गाभा केवळ मोफतपणा नाही. खुला परवाना बदल करून पुन्हा वाटण्याचा हक्क देतो. दार-उल-तर्जुमा आणि ग्रंथनिर्मिती मंडळ या जुन्या दोन्ही प्रयत्नांत उणीव होती ती नेमकी याची. कोणी म्हणेल, संगणकावरची प्रत जीर्ण होत नाही, मग देखभाल कसली? पण चुकीचे उदाहरण, रद्द झालेला कायदा, जुनी आकडेवारी पडद्यावरही जुनीच असते. प्राध्यापकांना वेळ कुठे आहे, हा आक्षेप मात्र मला वजनदार वाटतो. पदोन्नतीच्या गुणांत भर नव्या साहित्यावर असतो. दुसऱ्याच्या मजकुराची डागडुजी कोणी मोजत नाही. म्हणून विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ज्या बैठकीत अभ्यासक्रम बदलते, त्याच बैठकीत खुला मजकूर कोण सुधारणार हे ठरावे, आणि जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदनच्या ज्या प्राध्यापकांवर ते काम पडेल त्यांच्या तासिका तेवढ्या कमी व्हाव्यात.