मुक्त आराखडा (गृहरचना)

घराचा भार भिंतींऐवजी खांब आणि तुळयांनी पेलला, की आतल्या भिंती हव्या तिथे घालता येतात किंवा गाळताही येतात. अशा मांडणीला मुक्त आराखडा म्हणतात. विटांच्या भारवाही बांधकामात वरची भिंत खालच्या भिंतीवरच चढवावी लागते, म्हणून प्रत्येक मजल्यावर खोल्या जवळपास सारख्याच पडतात. पोलाद आणि आरसीसी आल्यावर ही सक्ती उरली नाही.

फ्रँक लॉइड राइटने शिकागोच्या रॉबी हाउसमध्ये (1910) बसण्याची व जेवणाची जागा एकाच लांब दालनात ठेवली आणि मध्ये फक्त शेकोटी उभी केली. ल कॉर्ब्यूझ्येचा ‘डोम-इनो’ सांगाडा 1914 चा: सपाट स्लॅब, सहा खांब, एक जिना, भिंत एकही नाही. पुढे त्याने मांडलेल्या पाच तत्त्वांत मुक्त आराखडा आला आणि पॅरिसजवळच्या व्हिला साव्हॉयमध्ये (1928–31) ती पाचही तत्त्वे एकत्र उतरली. मीस व्हान डेर रोहने ब्रनोच्या टुगेंडहाट घरात (1930) पोलादी खांब दर्शनी ठेवले. तिथली ऑनिक्स दगडाची भिंत काहीही पेलत नाही. उट्रेख्टमधील रिटफेल्टचे श्रोडर हाउस (1924) मात्र फसवे आहे. ते काँक्रीटचे वाटते, पण त्याच्या भिंती बहुतांशी गिलावा केलेल्या विटांच्या आहेत. वरच्या मजल्यावरचा मोकळेपणा सरकत्या पडद्यांनी साधला आहे.

खांब-तुळयांचा लाकडी सांगाडा मराठी वाड्यातही होताच, आणि सोपा चौकाकडे उघडा असे. तरी माजघर व स्वयंपाकघर भिंतीआडच राहिले. ते रीतीमुळे, सांगाड्याची त्याला आडकाठी नव्हती.

ठाणे खाडीपलीकडच्या कळव्यात हा विषय निघतो तो ‘किचन ओपन करून’ हॉल मोठा करायचा असतो तेव्हा. आरसीसी सांगाड्याच्या इमारतीत आतली चार इंची भिंत सहसा नुसता आडोसा असते. जुन्या लोडबेअरिंग बांधकामात तशी खात्री धरता येत नाही, आणि भिंत ठोकून पाहणाऱ्या मिस्त्रीचा अंदाज हा काही पुरावा नव्हे. घाटकोपरची सिद्धी साई ही चार मजली इमारत 25 जुलै 2017 रोजी कोसळून 17 जण दगावले. तळमजल्यावरच्या नूतनीकरणात खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. भिंत पाडण्याआधी सोसायटीकडून इमारतीचा आरसीसी नकाशा मागून तो स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावा.

अलीकडचे अनेक उंच टॉवर ‘मिवान’ म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यांत ओततात. त्यांत आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा भार वाहतात. अशा फ्लॅटमध्ये मुक्त आराखडा घेतानाच असला तर असतो, मागाहून करून घेता येत नाही.